लेकीकडे अमेरिकेला निघालात? विम्याचा मोठा आकडा नको, आतला तक्ता वाचा

लेकीचं बाळंतपण असो की नातवंडांची उन्हाळ्याची सुट्टी, साठी ओलांडलेलं जोडपं चार-पाच महिन्यांसाठी अमेरिकेला निघालं की घरात याद्या सुरू होतात. डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, सहा महिन्यांच्या गोळ्या, थंडीचे कपडे. विम्याचा नंबर लागतो तो बहुधा सगळ्यात शेवटी. तिकीट काढताना साइटवर एक चौकोन दिसतो, त्यावर टिचकी मारली की काम झालं. नाहीतर ओळखीचा एजंट फोनवर सांगतो, "काका, एक लाख डॉलरचं कव्हर आहे, बिनधास्त जा."

हा एक लाखाचा आकडा ऐकून पुढे कोणी काही विचारतच नाही. खरं तर तो एवढंच सांगतो की कंपनी कोणत्याही परिस्थितीत याच्या वर देणार नाही. प्रत्यक्षात हातात किती पडणार, हे आतल्या पानांवरच्या एका कंटाळवाण्या तक्त्यात आणि जुन्या आजारांबद्दलच्या दोन-तीन वाक्यांत ठरलेलं असतं. तो तक्ता आणि ती वाक्यं वाचायची कशी, हाच या लेखाचा विषय आहे. अमेरिकेला जाणारे आईवडील आणि तिकडे बसून त्यांचा विमा काढणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पायरी १: कुठल्या देशात जाताय ते बघा

युरोपला जाणाऱ्यांचं काम सोपं आहे, कारण तिथे नियमच स्पष्ट आहे. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना लागू हवा. तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होणं आणि रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला हवा. भारतीय कंपन्या या नियमात बसणारं प्रमाणपत्र लगेच देतात.

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी (तिकडच्या मुला-नातवंडांकडे दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्यांचा व्हिसा) किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्ष चालणारा विमा बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये पर्यटकाला विम्याची सक्ती नाही. तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात केलेल्या उपचारांचे पैसे घेत नाहीत, पण दाखल करून घेतलं की परदेशी पाहुण्याला सरकारी दराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के बिल लागतं. 'तिकडे सगळं फुकट असतं' हे अर्धवट ज्ञान पाहुण्यांच्या कामाचं नाही.

अमेरिकेत मात्र उपचार सगळ्यात महाग आणि पर्यटक व्हिसावर विम्याची कसलीही सक्ती नाही. व्हिसाच्या मुलाखतीत कोणी विचारत नाही, विमानतळावरही नाही. १९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षाला पैशांवाचून रुग्णाला परत पाठवता येत नाही. तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल मात्र नंतर घरी येतं, आणि ते पुरतं येतं.

आपला भारतातला मेडिक्लेम तिकडे चालेल अशी आशा ठेवू नका. बहुतेक साध्या पॉलिसी भारताबाहेर लागू नसतात, आणि आयुष्मान भारतचं कार्ड तर नाहीच. काही महाग योजनांत परदेशी उपचार लिहिलेले असतात, पण ते कोणत्या अटींवर आहेत हे त्या पॉलिसीतच बघावं लागतं.

पायरी २: तब्येतीचा कागद तयार करा

विमा शोधायच्या आधी एका कागदावर दोघांचं नीट लिहून काढा: वय, कुठला आजार, कुठल्या साली निदान झालं, कोणती औषधं, कोणतं ऑपरेशन, शेवटची तपासणी कधी झाली. औषधांची फक्त ब्रँडची नावं लिहू नका, आतल्या मूळ औषधाची नावं लिहा. आपल्या गोळ्यांची नावं तिकडच्या डॉक्टरला ओळखू येत नाहीत. आपलं साधं पॅरासिटामॉलसुद्धा तिकडे ॲसिटामिनोफेन म्हणून विकलं जातं.

या कागदाचा दुसरा उपयोग प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, भरताना होतो. "शुगरचं लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल" असा सल्ला देणारे भेटतात. काही वेळा तो सल्ला खुद्द विकणाराच देतो. तो ऐकू नका. आजार लपवून काय होतं ते बघा. वडिलांना ॲम्ब्युलन्समधून नेलं, दारातच नर्सनं विचारलं, "आधीचा काही आजार?" घाबरलेल्या लेकीनं खरं तेच सांगितलं, "बारा वर्षांपासून डायबिटीस आहे, बीपीची गोळी चालू आहे." हे वाक्य त्या क्षणी संगणकात नोंदवलं गेलं. पुढे क्लेमच्या वेळी कंपनी रुग्णालयाचे सगळे कागद मागवते, त्यात ते पहिल्याच पानावर असतं. फॉर्ममध्ये 'नाही' आणि तिथे 'बारा वर्षं', मग डायबिटीसशी संबंध नसलेलं दुखणंसुद्धा वादात अडकतं.

पायरी ३: विमा इथला घ्यायचा की तिथला?

मुलांचा आणि आईवडिलांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर बघू.

भारतीय कंपनीची पॉलिसी निघण्याआधी इथेच घ्यावी लागते. प्रीमियम रुपयांत असतो. तक्रार झाली तर भारतातली यंत्रणा हाताशी असते. अडचण अशी की बऱ्याच योजनांत ठरावीक वयानंतर, कुठे ५५ च्या पुढे, कुठे ६० च्या पुढे, प्रत्येक खर्चावर वेगळी मर्यादा लागू होते. खोलीभाडं दिवसाला इतकंच, अतिदक्षता विभाग इतकाच, सर्जनची फी इतकीच. यालाच सब-लिमिट म्हणतात. सब-लिमिट नसलेल्या योजनाही मिळतात. त्या महाग असतात, पण अमेरिकेसाठी त्याच बघाव्यात.

अमेरिकेतला 'व्हिजिटर्स इन्शुरन्स' तिकडची मुलं डॉलरमध्ये ऑनलाइन काढतात. आईबाबा तिथे पोचल्यावरही तो काढता येतो आणि मुक्काम वाढला तर बहुधा वाढवता येतो. याचे दोन प्रकार आहेत. पहिला फिक्स्ड बेनिफिट: प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, बाकीचं तुम्ही भरा. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह: डिडक्टिबल (कंपनी द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची ठरावीक रक्कम) आणि तुमचा थोडा वाटा वजा करून उरलेला मान्य खर्च कंपनी पॉलिसीच्या रकमेपर्यंत देते. पहिला स्वस्त असतो, म्हणून वेबसाइटवर किंमतीप्रमाणे यादी लावली की तोच वर दिसतो. आपली मुलंही घाईत तोच घेतात.

फरक किती पडतो ते एका बिलावर मांडून बघू. हे आकडे फक्त गणित कळावं म्हणून घेतलेले आहेत. समजा, पित्ताशयाच्या दुखण्यानं आईला रुग्णालयात नेलं. तपासण्या, ऑपरेशन आणि दोन रात्री मिळून बिल आलं ६०,००० डॉलर.

योजना क, फिक्स्ड बेनिफिट, विमा रक्कम १ लाख डॉलर. तक्त्याप्रमाणे खोलीचे दिवसाला १,५०० म्हणजे दोन दिवसांचे ३,०००, सर्जनचे ८,०००, भूलतज्ज्ञाचे २,०००, तपासण्यांचे १,०००, ॲम्ब्युलन्सचे ४००. बेरीज १४,४००. त्यातून १०० डिडक्टिबल वजा, कंपनी देणार १४,३००. उरलेले ४५,७०० डॉलर जावयाच्या डोक्यावर.

योजना ख, कॉम्प्रिहेन्सिव्ह, विमा रक्कम निम्मीच, ५०,००० डॉलर. पण रुग्णालय कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे, म्हणजे दोघांचा दरांचा करार आहे, त्यामुळे ठरलेल्या दरानं तेच बिल ३८,००० वर आलं. डिडक्टिबल २५० तुमचं. त्यापुढच्या पहिल्या ५,००० मध्ये तुमचा वाटा २० टक्के, म्हणजे १,०००. बाकी सगळं कंपनीचं. तुमच्या खिशातून गेले १,२५०.

एक लाखाच्या पॉलिसीपेक्षा पन्नास हजारांची पॉलिसी कितीतरी पटींनी कामाची ठरली. म्हणून 'कव्हर किती?' हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. आधी विचारा, 'सब-लिमिट आहे का?' आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यायचं ठरलं की मग आकड्याकडे वळा. पन्नास हजारसुद्धा हृदयविकाराच्या किंवा मोठ्या अपघाताच्या बिलापुढे कमीच पडतील. माझं मत विचाराल तर अमेरिकेसाठी सब-लिमिट नसलेले एक लाख डॉलर ही खालची रेघ धरा आणि ऐपत असेल तर अडीच लाखांपर्यंत जा. सत्तरीच्या पुढे, आणि विशेषतः ऐंशीच्या पुढे, बऱ्याच योजना कमाल रक्कमच एकदम खाली आणतात. त्या वयात निवड फारशी उरत नाही, मिळेल त्यातलं बरं घ्यावं लागतं.

पायरी ४: जुन्या आजाराची वाक्यं

आपल्याकडे पासष्टीच्या जोडप्यात बीपी, शुगर, थायरॉइड, स्टेंट यांतलं काहीच नाही असं घर विरळा. त्यामुळे पॉलिसीतलं सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच: प्री-एक्झिस्टिंग कंडिशन, म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीपासून असलेलं दुखणं. त्याची व्याख्या कंपनीगणिक बदलते. कोणी मागचं एक वर्ष बघतं, कोणी तीन वर्षं, कोणी जन्मापासूनचं. निदान झालेलं नसलं तरी लक्षणं होती, एवढंसुद्धा काही व्याख्यांना पुरतं.

भारतीय पॉलिसीत बहुधा असं लिहिलेलं असतं की जुन्या आजारातून जीवघेणी स्थिती उद्भवली तरच, तीही प्रकृती स्थिर होईपर्यंतच आणि ठरावीक रकमेपर्यंतच खर्च मिळेल. ही रक्कम मुख्य विमा रकमेच्या मानाने खूप लहान असू शकते. ती शोधून पेन्सिलीनं गोल करून ठेवा.

अमेरिकी पॉलिसीत शब्द येतात 'ॲक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन'. एजंट याचं भाषांतर "जुने आजार कव्हर आहेत" असं करून मोकळा होतो. पण याच्या अटी कडक असतात. दुखणं अचानक आणि कोणतीही पूर्वसूचना न देता उसळलेलं हवं, त्याला तातडीच्या उपचारांची गरज हवी आणि ते उपचार बहुधा २४ तासांच्या आत घेतलेले हवेत. हळूहळू वाढत गेलेला आजार यात बसत नाही. तिकडे जाऊन करू म्हणून ठेवलेले उपचार तर नाहीतच. शिवाय वयाची अट असते, काही योजनांत ही सोय सत्तरीला संपते, काहींत ऐंशीला. हृदयविकार आणि पक्षाघातासाठी कधी कधी वेगळी, कमी मर्यादा असते.

२४ तासांची अट घरात प्रत्यक्ष कशी नडते बघा. बाबांना पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. एडिसनमध्ये लेकीकडे असताना शुक्रवारी रात्री छातीत दाटल्यासारखं झालं. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा-सैंधव घेऊन झोपले. शनिवारी पुन्हा तेच. लेकीच्या सुट्टीचा खोळंबा नको, म्हणून बोलले नाहीत. रविवारी रात्री सहन होईना तेव्हा नेलं. डॉक्टर विचारणार, कधीपासून दुखतंय? उत्तर: शुक्रवारपासून. आता कंपनीला म्हणता येतं की हे अचानक नव्हतं आणि २४ तास तर कधीच उलटले. तेच शुक्रवारी रात्री गेले असते तर क्लेम बसण्याची शक्यता बरीच जास्त होती, आणि जिवाचा धोका कमी होता तो वेगळाच. आपल्या पिढीला दुखणं अंगावर काढायची सवय असते. निघण्याआधी आईबाबांना समोर बसवून हे एकदा स्पष्ट सांगा: दुखलं तर त्याच क्षणी सांगायचं, सकाळची वाट बघायची नाही.

नेहमीच्या तपासण्या, चालू औषधं, चष्मा, बाळंतपण, दारूच्या नशेत झालेली इजा हे बहुतेक पॉलिसींत नसतंच. दाताचं काम फार तर अचानक उठलेली कळ थांबवण्यापुरतं. दात, डोळे आणि रक्ताच्या तपासण्या इथूनच उरकून निघा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेत.

पायरी ५: तारखा

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे वर्षभराची मल्टी-ट्रिप पॉलिसी स्वस्त दिसते म्हणून घेणं. ती कामानिमित्त ये-जा करणाऱ्यांसाठी असते. तिच्यात एका प्रवासाला ३०, ४५ किंवा ६० अशी दिवसांची मर्यादा असते. पाच महिने राहणाऱ्या आईला एकसष्टाव्या दिवसापासून विमा नाही. त्यांच्यासाठी सिंगल ट्रिपच हवी.

दुसरी म्हणजे परतीच्या तिकिटाची तारीख तंतोतंत धरणं. पर्यटक व्हिसावर उतरल्यावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते आणि बाळंतपण लांबलं, लेकीला बरं नसलं, तर मुक्काम वाढतोच. विमा वाढवायचा तर मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो. मध्ये क्लेम झालेला असेल तर भारतीय कंपनी मुदत वाढवायला नकारही देऊ शकते. आठ-दहा दिवस जास्तीचे आधीच घेऊन ठेवणं स्वस्त पडतं.

पायरी ६: पॉलिसी वर्डिंग उघडा

माहितीपत्रकावरून विमा घेऊ नका. कंपनीच्या साइटवर 'पॉलिसी वर्डिंग' नावाची लांबलचक पीडीएफ असते, ती उतरवून घ्या. सगळी वाचायची गरज नाही. तिच्यात एकेक शब्द शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूचा परिच्छेद वाचायचा:

- डिडक्टिबल: दर आजाराला लागतं की अख्ख्या पॉलिसीला एकदाच? दर आजाराला असेल तर तीन दुखण्यांना तीनदा भराल.
- को-इन्शुरन्स: तुमचा वाटा किती टक्के आणि कुठल्या रकमेपर्यंत?
- यूज्वल अँड कस्टमरी: त्या भागात रास्त मानल्या जाणाऱ्या दरापेक्षा जास्त बिल कंपनी मानत नाही. नेटवर्कबाहेर गेलात की हा शब्द नडतो.
- प्रीसर्टिफिकेशन: दाखल होण्याआधी किंवा ऑपरेशनआधी कंपनीला कळवलं नाही तर रक्कम कापतात का?
- इव्हॅक्युएशन आणि रिपॅट्रिएशन: रुग्णाला किंवा पार्थिवाला परत आणण्याची रक्कम. हे बोलायला नको वाटतं, पण आकडा बघून ठेवा.

आणखी एक कसोटी आहे. विकणाऱ्याला ईमेल करा: "वडील ६७, स्टेंट २०२० सालचा, बीपीची गोळी चालू. छातीत दुखून दाखल केलं तर जास्तीत जास्त किती मिळेल? कुठल्या कलमानुसार?" कलमाचा क्रमांक देऊन उत्तर आलं तर माणूस कामाचा. "काळजी करू नका सर" आलं तर दुसरा शोधा.

सामान हरवणं, विमान उशिरा सुटणं, पासपोर्ट चोरीला जाणं या गोष्टी जाहिरातीत ठळक असतात. त्यांच्यावरून योजना निवडू नका, रकमा किरकोळ असतात. सामान उशिरा मिळाल्याची भरपाई ठरावीक तास उलटल्यावरच मिळते आणि परतताना भारतात उतरल्यावरच्या उशिराला ती बहुधा नसते. रोकड आणि दागिने सहसा वगळलेले असतात, तेव्हा दागिने चेक-इन बॅगेत ठेवूच नका. बॅग हरवली तर विम्याआधी विमान कंपनीच जबाबदार आहे. माँट्रियल करारानुसार तिची कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या काउंटरवर 'पीआयआर' नावाची नोंद करून घ्या. तुटलेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत करावी लागते.

पायरी ७: निघण्याआधी आणि आजारी पडल्यावर

पॉलिसीवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना बघा. विम्याच्या कार्डाची एक प्रत बाबांच्या पाकिटात, एक लेकीच्या फ्रिजवर, एक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लेकीनं घराजवळचं नेटवर्कमधलं अर्जंट केअर आणि रुग्णालय आधीच शोधून ठेवावं. ताप, खोकला, पाय मुरगळणं, किरकोळ टाके यांसाठी अर्जंट केअर पुरतं. आपत्कालीन कक्षापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. छातीत दुखणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं, धाप लागणं असेल तर विचार न करता ९११. त्या वेळी विमा कंपनीला फोन लावत बसू नका. रुग्ण डॉक्टरांच्या हाती गेला की घरातल्या दुसऱ्या कोणी तरी लगेच कळवावं, बहुतेक पॉलिसी २४ ते ४८ तासांत कळवायला सांगतात.

रुग्णालयातली नोंदणी करणारी बाई तुमचं कार्ड उलटसुलट बघून "या कंपनीचं नाव ऐकलेलं नाही" म्हणेल. गडबडून क्रेडिट कार्ड पुढे करू नका. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करायची तिला विनंती करा. आणि रुग्णानं स्वतः दुखणं सुरू झाल्याची वेळ नीट सांगावी, ती लिहिली जाते.

अमेरिकेतलं बिल एकच नसतं, हे इथल्या माणसाला पटायला वेळ लागतो. एका रात्रीच्या आपत्कालीन भेटीचं रुग्णालय एक बिल पाठवतं, डॉक्टर वेगळं, एक्स-रे किंवा सीटी वाचणारा वेगळं, लॅब वेगळं, ॲम्ब्युलन्स वेगळं. ती पुढे दोन-तीन महिने एकेक करून येत राहतात, बऱ्याचदा आईबाबा परत कोल्हापुरात पोचल्यावर. म्हणून पत्ता लेकीचा द्या, एक फाइल करा आणि आलेलं प्रत्येक पाकीट उघडा. त्यांत विमा कंपनीकडून 'एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स' येतं, ते बिल नसतं. कंपनीनं किती मान्य केलं याचा तो हिशेब असतो. तो हाती येईपर्यंत घाईनं पैसे भरू नका.

प्रत्येकाकडे तपशीलवार, म्हणजे आयटमाइज्ड बिल मागा. क्लेमसाठी रुग्णालयाचा यूबी-०४ आणि डॉक्टरांचा सीएमएस-१५०० हे दोन फॉर्म लागू शकतात, बिलिंग विभाग ते देतो. सोबत डिस्चार्जचे कागद, पासपोर्टची पहिली पानं, प्रवासाच्या शिक्क्यांची पानं आणि बोर्डिंग पास. विम्यानंतरही मोठी रक्कम उरली आणि रुग्णालय ना-नफा तत्त्वावरचं असेल तर त्याच्याकडे आर्थिक मदतीचं लेखी धोरण असावंच लागतं, तसा तिथला कायदा आहे. बिलिंग विभागात 'फायनान्शियल असिस्टन्स'चा अर्ज मागा. पर्यटकाला ती मिळेलच असं नाही, पण विचारायला काही लागत नाही.

क्लेम नाकारला तर

नकाराचं पत्र लेखी घ्या आणि त्यात कुठलं कलम दिलंय ते बघा. भारतीय कंपनी असेल तर पहिली तक्रार तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. सोबत विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याचा निवाडा ते करतात. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, एवढं लक्षात ठेवा.

अमेरिकी कंपनी असेल तर लोकपालांचा उपयोग नाही. आधी कंपनीकडेच अपील, मग त्या राज्याचा विमा विभाग. जुन्या आजाराच्या कारणानं नकार आलेला असेल तर अपिलासोबत उपचार करणाऱ्या तिथल्या डॉक्टरांचं पत्र जोडा. लक्षणं केव्हा सुरू झाली, आधी प्रकृती स्थिर होती का आणि रुग्ण किती तासांत दाखल झाला, हे तिन्ही त्या पत्रात यायला हवं. इथल्या फॅमिली डॉक्टरांचे मागच्या वर्षभराचे तपासणीचे कागदही त्याबरोबर पाठवा. बीपी आणि शुगर ताब्यात होते हे त्यावरूनच दाखवता येतं.